हार्वर्डचा उन्हाळी वर्ग आणि एक तुर्की विद्यार्थी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशातील एखाद्या विद्यापीठाकडून सहा-आठ आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाचे निमंत्रण यावे, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च यजमानांनी उचलावा, आणि निवड झालेली व्यक्ती पक्षाची अगर कामगार संघटनेची कार्यकर्ती असावी, की दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे की निमंत्रण म्हणजे गळाला लावलेले आमिष. जो गेला तो चळवळीतून गेला. दुसरे मत असे की ज्ञानाला देशाच्या सीमा नसतात, तेव्हा मिळेल तेथून ते घ्यावे आणि फार चौकशा करू नयेत. दोन्ही मते मांडावयास सोपी आहेत, कारण दोहोंनाही पुराव्याची गरज वाटत नाही. पुरावा पाहावयाचा तर अशा वर्गाला गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे पुढचे सारे आयुष्य तपासावे लागते. तुर्कस्तानचे ब्यूलेंत एजेवित यांचे आयुष्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ते १९५७ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय चर्चासत्राला गेले, पुढे चार वेळा पंतप्रधान झाले आणि २००६ साली वारले. म्हणजे हिशेब पुरा झालेला आहे.

हार्वर्डला पोहोचले तेव्हा एजेवित बत्तीस वर्षांचे होते. कोरी पाटी नव्हते. इस्तंबूलमधील रॉबर्ट कॉलेज या अमेरिकनांनी चालविलेल्या संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. तेथे विद्यार्थिदशेतच त्यांनी रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’चे तुर्की भाषांतर केले. पुढे लंडनच्या तुर्की वकिलातीत वृत्तविभागात नोकरी करीत असताना ते संस्कृत आणि बंगाली शिकले. स्वतः कवी, पेशाने पत्रकार, आणि रिपब्लिकन पीपल्स पक्षाच्या मुखपत्रात लेखन करणारे. त्या आधी एकदा, १९५४-५५ च्या हिवाळ्यात, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या शिष्यवृत्तीवर नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विन्स्टन-सालेम या तंबाखूच्या गावी एका दैनिकात त्यांनी पाहुणे पत्रकार म्हणून काम केले होते. दक्षिणेतील त्या गावात त्यांनी वर्णभेद जवळून पाहिला. जगभरच्या जुलुमाविरुद्ध लढण्याची भाषा बोलणारा देश आपल्या घरातील जुलुमाकडे का पाहत नाही, हा प्रश्न त्यांनी त्याच दैनिकातून, यजमानांच्याच वाचकांपुढे ठेवला. पाहुण्याने निरोप घेताना आभाराचे चार शब्द लिहावेत असा शिरस्ता आहे. एजेवित यांनी तो फार मनावर घेतला नाही असे दिसते. येथे डॉ. लोहियांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९६४ च्या मे महिन्यात मिसिसिपीतील जॅक्सन शहरी केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात ते गेले आणि त्यांना अटक झाली. मागाहून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. डोळे उघडे असलेल्या पाहुण्याला यजमानाने दाखविलेल्या गोष्टींपेक्षा अधिक दिसते, हे दोन्ही प्रसंगांतून सिद्ध होते.

आता त्या उन्हाळी वर्गाकडे वळू. हार्वर्डचे आंतरराष्ट्रीय चर्चासत्र १९५१ साली सुरू झाले. विल्यम यान्डेल एलियट हे प्राध्यापक त्याचे आश्रयदाते. प्रत्यक्षात ते चालविणारा माणूस म्हणजे त्यांचा त्या वेळचा पदव्युत्तर विद्यार्थी, हेन्री किसिंजर. नाझी राजवटीमुळे १९३८ साली कुटुंबासह जर्मनी सोडावा लागलेला हा तरुण तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याला डॉक्टरेटही मिळावयाची होती. १९६९ च्या जानेवारीत तो राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार म्हणून व्हाइट हाउसमध्ये गेला, तोवर हे काम त्याच्याच हाती राहिले. दरसाल सुमारे चाळीस माणसे बोलावली जात. निरनिराळ्या देशांतील पंचवीस ते चाळीस-पंचेचाळीस वयाचे खासदार, संपादक, सरकारी अधिकारी, लेखक, अध्यापक. एकूण सहाशेच्या आसपास माणसे तेथून गेली. निवडीचा निकष आज कोण काय आहे हा नव्हता. दहा-वीस वर्षांनी आपल्या देशात कोण काय होईल, हा होता. आणि ही पारख विलक्षण अचूक ठरली, हे मान्य केलेच पाहिजे. जपानचे नाकासोने १९५३ साली आले, मलेशियाचे महाथिर १९६८ साली. दोघेही पुढे पंतप्रधान झाले.

तेथील दिनक्रम मोठा सुखाचा होता. जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे नेहमीचे विद्यार्थी सुटीवर जातात. त्यांच्या रिकाम्या वसतिगृहांत पाहुण्यांना खोल्या मिळत. ग्रंथालय खुले असे. सकाळी राजकारण, अर्थकारण, साहित्य-कला अशा गटांत चर्चा. दुपारी बाहेरच्या वक्त्यांची व्याख्याने. एलिनॉर रूझवेल्ट येत, तसे मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रॉयथरही येत. ठरलेल्या सायंकाळी पाहुण्यांपैकी कोणी आपल्या देशाविषयी बोले आणि गावातील लोक ऐकावयास येत. किसिंजर स्वतः पाहुण्यांना घरी जेवावयास नेत आणि रात्री उशिरापर्यंत वाद घालीत बसत. अमेरिकेवर टीका करण्यास बंदी नव्हती. टीका करणाऱ्याला आवर्जून बोलते केले जाई.

या व्यवस्थेत एक गोष्ट होती ती विद्यार्थ्याला आत असताना जाणवत नसावी. मोकळ्या विद्यापीठात चाळीस परदेशी माणसे एकमेकांच्या सहवासात राहतात, तेव्हा त्यांना अमेरिका भेटते ती निवडक भेटते. त्यांना खरोखर भेटतात ती एकमेकांच्या देशांतील माणसे. तुर्काला जपानी भेटतो, इस्रायलीला युरोपियन. आशियातील दोन शेजारी देशांतील तरुणांना एकमेकांशी सहा आठवडे बोलावयाचे तर त्यासाठी अटलांटिकपार जावे लागावे, ही आपल्या खंडाच्या दारिद्र्याची एक बाजू आहे. परंतु ही सारी चाळीस माणसे ज्या एका माणसाला ओळखत आणि जो एक माणूस त्या सर्वांना ओळखे, तो यजमान होता. असा वर्ग विचार शिकवितो त्याहून कितीतरी पटीने अधिक तो ओळखी जमवितो, आणि ओळखींची वही यजमानाजवळ राहते.

वर्गाचा हेतू काय होता याविषयी संस्थापकांनी आडपडदा ठेवला नव्हता. निदान आपापसांतील कागदपत्रांत तरी नाही. युरोपातील तरुण अमेरिकेला पैशाच्या मागे लागलेला असंस्कृत देश समजतात आणि तटस्थतेकडे झुकतात. त्यांच्यात साम्यवादाविरुद्ध मनाची तटबंदी उभी करावी, असा तो विचार होता. आशियाचा समावेश झाला तो पाठोपाठ. हेतूविषयी मतभेद असू शकतात. स्टालिनच्या छळछावण्या ही वस्तुस्थिती होती आणि लोकशाही समाजवाद्यांनी साम्यवादी हुकूमशाहीवर टीका करण्यासाठी कोणाच्या आमंत्रणाची वाट पाहिली नव्हती. प्रश्न पैशाचा आहे.

फोर्ड आणि रॉकफेलर यांच्या प्रतिष्ठानांचा पैसा सर्वांना दिसत होता. एजेवित स्वतः रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवरच हार्वर्डला आले होते. जे दिसत नव्हते ते १९६७ साली उघडकीस आले. त्या वर्षी ‘रॅम्पार्ट्स’ मासिकाने अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेला सीआयए गुप्तपणे पैसा पुरविते हे प्रसिद्ध केले. मग एकामागून एक संस्थांची नावे बाहेर आली आणि त्या ओघात हार्वर्डच्या चर्चासत्रालाही सीआयएच्या मध्यस्थ संस्थांमार्फत पैसा मिळाल्याचे विद्यापीठाला मान्य करावे लागले. किसिंजर यांना हे आधीपासून किती ठाऊक होते, यावर त्यांचे चरित्रकार आजही वाद घालतात. तो वाद त्यांना घालू द्यावा. वर्गाला आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की ज्याच्या ताटात आपण जेवलो त्याचे नाव त्याला दहा-दहा वर्षे कळले नाही.

आपण येथे फार शहाजोगपणे बोलू नये. १९५१ च्या मार्चमध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याची जी परिषद भरली, तीत मिनू मसानी होते आणि जयप्रकाशजीही होते. ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली ती भरली, त्या संस्थेच्या तिजोरीमागेही तोच गुप्त हात होता, हे उघड झाले ते १९६६-६७ साली. जयप्रकाशजींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे धैर्य कोणी करणार नाही. पण पैशाचा उगम माहीत नसला तर प्रामाणिक माणसाचे नावही दुसऱ्याच्या जमाखर्चात लिहिले जाते.

पैशाहूनही बोचणारी हकीकत १९५३ च्या जुलैमधील आहे. चर्चासत्राच्या पाहुण्यांच्या नावे अमेरिकेच्या अणुबाँबवर टीका करणारी पत्रके टपालाने आली. किसिंजर यांनी त्यांतील एक पाकीट उघडले, आतील मजकूर पाहिला आणि एफबीआयच्या बोस्टन कार्यालयाला कळविले. हे जगाला कळले सुमारे पंचवीस वर्षांनी, सरकारी कागद खुले झाल्यावर. त्याच उन्हाळ्यात जपानचे नाकासोने तेथे होते, आणि पुढच्या मार्चमध्ये जपानी संसदेत अणुऊर्जेसाठी पहिली तरतूद मांडण्यात त्यांचा पुढाकार होता. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याची गरज नाही. परंतु हिरोशिमाच्या देशातून आलेल्या माणसाच्या नावे आलेले अणुबाँबविरोधी पत्रक पोलिसी चौकशीचा विषय व्हावे, आणि हे त्या खुल्या चर्चेच्या वर्गात घडावे, यावर भाष्याची आवश्यकता नाही.

याच देशात त्याच दशकात दुसऱ्या तऱ्हेचीही एक शाळा होती, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. टेनेसीच्या डोंगरात माइल्स हॉर्टन यांनी १९३२ साली हायलँडर लोकशाळा काढली. हॉर्टन स्वतः एके काळचे परदेशी विद्यार्थी. डेन्मार्कच्या लोकविद्यापीठांचा अभ्यास करण्यासाठी ते तेथे जाऊन राहिले होते. परत आल्यावर त्यांनी खाणकामगार, गिरणीकामगार, काळे आणि गोरे यांना एका पंगतीला बसविणारे वर्ग भरविले. १९५५ च्या उन्हाळ्यात माँटगोमेरीच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई तेथे दोन आठवड्यांच्या वर्गाला गेल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला बसमधील आपली जागा सोडण्यास त्यांनी नकार दिला. त्यांचे नाव रोझा पार्क्स. हार्वर्डच्या वर्गाला सरकारचा पैसा चोरवाटेने पोहोचत होता. हायलँडरची सनद टेनेसी राज्याने १९६१ साली रद्द केली आणि तिची मालमत्ता लिलावात विकली.

हार्वर्डच्या यजमानांना जे हवे होते ते त्यांना एजेवित यांच्याकडून मिळाले काय, हा आता प्रश्न. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये ते तुर्की संसदेत निवडून आले. १९६१ ते १९६५ ते मजूरमंत्री होते. तुर्की कामगारांना संपाचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क देणारे १९६३ चे कायदे त्यांच्या कारकिर्दीतले. आपल्या पक्षाला त्यांनी मध्याच्या डावीकडे नेले. १९७१ साली लष्कराने निवडलेले सरकार खाली खेचले तेव्हा पक्षनेते इस्मत इनोनू यांनी लष्करी कृपेच्या नव्या सरकारला पाठिंबा दिला. एजेवित यांनी सरचिटणीसपदाचा राजीनामा दिला आणि वर्षभराने त्या वयोवृद्ध राष्ट्रपुरुषाचा पक्षातच पराभव केला. जमीन कसणाऱ्याची आणि पाणी वापरणाऱ्याचे, ही त्यांची घोषणा. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. मात्र पाण्याचा मुद्दा आपल्या घोषणेत नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

मग खसखशीचा प्रश्न आला. अमेरिकन शहरांतील हेरॉइनच्या व्यसनाला तुर्की अफू जबाबदार आहे असे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ठरविले, आणि त्यांच्या दडपणाखाली १९७१ साली लष्कराच्या कृपेवरील सरकारने अफूच्या लागवडीवर बंदी जाहीर केली. मोबदला म्हणून सुमारे साडेतीन कोटी डॉलर कबूल झाले. पण आफ्योनच्या शेतकऱ्याला, ज्या प्रांताच्या नावातच अफू आहे, त्या पिकाने केवळ चीक दिला नव्हता. दाण्यांचे तेल स्वयंपाकात, दाणे पावात, पेंड गुरांना, वाळकी ताटे चुलीत. मंदसौर-नीमचच्या बाजूला परवान्यावर अफू पिकविणारा आपला शेतकरी हे अर्थशास्त्र कोणत्याही तज्ज्ञापेक्षा चांगले सांगेल. पंतप्रधान होताच एजेवित यांनी १ जुलै १९७४ ला ही बंदी उठविली. वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री होते त्यांचे हार्वर्डचे यजमान. पुढे बोंडाला चिरा न देता वाळलेली बोंडेच सरकारने विकत घेण्याची पद्धत तुर्कस्तानने अवलंबिली आणि चोरटा व्यापार मोठ्या प्रमाणात आटोक्यात आला. म्हणजे शेतकऱ्याला न बुडविताही मार्ग निघत होता. तो शोधण्याची निकड फक्त शेतकऱ्याच्या बाजूच्या सरकारला वाटली.

पंधराच दिवसांनी सायप्रसचा स्फोट झाला. अथेन्सच्या लष्करशहांनी १५ जुलैला मकारिओस यांची राजवट उलथली. एजेवित लंडनला गेले, १९६० च्या हमी-कराराप्रमाणे ब्रिटनने संयुक्त कारवाई करावी अशी त्यांनी मागणी केली. ती मान्य झाली नाही. त्या दिवसांत किसिंजर त्यांच्याशी वारंवार दूरध्वनीवर बोलत होते. येथे ओळखींची वही उघडली गेली. अंकाराच्या पंतप्रधानाला नावाने ओळखणारा, त्याला आपल्या घरी जेवू घातलेला माणूस तारेच्या दुसऱ्या टोकाला होता. २० जुलैला पहाटे तुर्की सैन्य सायप्रसच्या किनाऱ्यावर उतरले.

यावरून जुना विद्यार्थी गुरूला पुरून उरला असा आनंद मानणारे काही लोक तेव्हाही होते. तो आनंद उथळ आहे. १९६३ पासून तुर्की सायप्रियटांवर अत्याचार झाले होते आणि पहिल्या कारवाईला त्याचा आधार होता, हे खरे. पण अथेन्सची हुकूमशाही २३ जुलैला कोसळली. त्यानंतर १४ ऑगस्टला जी दुसरी चढाई झाली तिने बेटाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग व्यापला आणि दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रियट घरादाराला मुकले. टागोर भाषांतरित करणाऱ्या कवीच्या आज्ञेने हे झाले. यजमानाच्या आज्ञेबाहेर असणे हा स्वतंत्र गुण नव्हे. माणूस कोणत्या कामासाठी स्वतंत्र आहे तेही पाहावे लागते. आणि अमेरिकेने तुर्कस्तानची शस्त्रे १९७५ च्या फेब्रुवारीत बंद केली ती किसिंजर यांच्या इच्छेविरुद्ध, तेथील संसदेने. ओळख दोन्ही बाजूंनी काम करीत होती असे म्हणावयास जागा आहे.

एवढ्यावर थांबले तर गोष्ट सोपी होते : शाळा फुकट गेली, विद्यार्थी वाकला नाही. परंतु एजेवित यांचे आयुष्य १९७४ ला संपले नाही. १९७८ साली ते पुन्हा सत्तेवर आले तेव्हा तेलाच्या भाववाढीने तिजोरी रिकामी होती, परकीय चलन नव्हते, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी दारात उभ्या होत्या. त्यांनी कुरकुरत, वेळ काढीत, चलनाचे अवमूल्यन स्वीकारले. १९८० च्या लष्करी उठावानंतर त्यांनी तुरुंगवास भोगला, राजकारणबंदी सोसली. शेवटचा अंक १९९९ ते २००२ चा. २००१ च्या फेब्रुवारीत तुर्की बँका आणि लिरा कोसळली. जागतिक बँकेचे एक उपाध्यक्ष, केमाल देर्विश, यांना वॉशिंग्टनहून बोलावून अर्थखाते त्यांच्या हाती देण्यात आले. नाणेनिधीच्या कर्जाबरोबर कायद्यांची यादी आली : साखर, तंबाखू, शेतीमालाचे आधारभाव. जमीन कसणाऱ्याची म्हणणाऱ्या नेत्याच्या सरकारनेच शेतकऱ्याचा आधार काढून घेणारे हे कायदे संमत केले. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पक्षाला जेमतेम एक टक्का मते मिळाली.

हार्वर्डच्या सुखाच्या उन्हाळ्याला जे साधले नव्हते, ते कर्जाने काही आठवड्यांत साधले. त्याच वर्गाचे दुसरे विद्यार्थी महाथिर यांचे उदाहरण शेजारी ठेवावे. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी नाणेनिधीच्या उपदेशाविरुद्ध भांडवलाच्या ये-जा करण्यावर नियंत्रणे घातली आणि मलेशिया त्यातून तरली. हे त्यांना करता आले, कारण मलेशियाने नाणेनिधीकडून कर्ज घेतले नव्हते. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला तुरुंगात टाकले, तेव्हा त्यांना समाजवाद्यांनी आदर्श मानावे असे मुळीच नाही. मुद्दा फक्त कर्जाचा आहे. दोघांनी एकाच विद्यापीठात उन्हाळा काढला होता. एकाची सही वॉशिंग्टनमधील कागदावर होती, दुसऱ्याची नव्हती.

म्हणून एखाद्या तरुण कार्यकर्त्याला बाहेरून निमंत्रण आले तर त्याच्या निष्ठेची झडती घेत बसण्यात अर्थ नाही. तेवढी सावधगिरी देशाच्या कर्जरोख्यांविषयी बाळगली तर अधिक उपयोग होईल. तरुणाने जावे. जाण्यापूर्वी खर्च कोण करतो हे लेखी मागवावे. उत्तर मोघम आले तर जाऊ नये. तेथे आपल्या देशाविषयी बोलण्याची वेळ येईल, तेव्हा विन्स्टन-सालेमचा लेख आठवून यजमानाच्या देशाविषयीही बोलावे. तेथे भेटलेल्या इतर देशांतील मंडळींचे पत्ते स्वतः टिपून घ्यावेत, आणि पुढचा पत्रव्यवहार यजमानाला मध्ये न घेता करावा. सेवा दलाच्या मे महिन्यातील शिबिरात जशी रोजची नोंदवही ठेवतात तशी ठेवावी. परतल्यावर जिल्हा शाखेपुढे ती वाचून दाखवावी, खर्चाच्या कागदासह दप्तरी दाखल करावी, आणि पुढचे निमंत्रण येईल तेव्हा ते ज्याला आले असेल त्याला प्रथम ती वाचावयास द्यावी.